परावलंबी प्रौढ व्यक्ती

क्रांतीला पदवी मिळणार की नाही, हे शेवटी विजयसिंहांना स्वतःच्या हातानं चहा करता येतो की नाही, यावर येऊन ठेपलं. याला विजयसिंह आजही विद्यापीठाला जबाबदार धरतात.

क्रांती म्हणजे त्यांची बायको. राजारामपुरीतल्या एका खासगी दवाखान्यात ती कितीतरी वर्षं 'मावशी' आहे. दवाखान्यात मावशी हे नातं नसतं, हुद्दा असतो. पेशंटला कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, भरवायचं, खुर्चीत बसवायचं आणि दारात उभ्या नातेवाइकांना धीर द्यायचा, हे सगळं जी करते ती मावशी. तिच्याहून वयानं मोठे पेशंटही तिला मावशीच म्हणतात. मध्यंतरी एका विद्यापीठानं अशा कर्मचाऱ्यांसाठी काम करता करता घ्यायची पदवी काढली. आठवड्यातून एक दिवस वर्ग, बाकीचा अभ्यास वॉर्डातच. जे काम आपण रोज करतो ते तसंच का करायचं हे समजून घ्यायचं, करून दाखवायचं, आणि दवाखान्यातल्या मार्गदर्शक सिस्टरांची त्यावर सही घ्यायची. दवाखान्यानं सांगून टाकलं, की जी मावशी किंवा जो मामा ही पदवी आधी पुरी करेल, त्याला रुग्णसेवा पर्यवेक्षक नेमू. वेगळं टेबल, टेबलावर नावाची पाटी. त्या पाटीवर 'मावशी' लिहिता येत नाही, नाव लिहावं लागतं, या एका गोष्टीसाठी क्रांतीनं तीन वर्षं पोळ्या लाटताना शरीरशास्त्र पाठ केलं.

विजयसिंह स्वतः पन्हाळ्याच्या एका कचेरीत अव्वल कारकून. अर्ज हातात घेण्याआधी त्यांना त्यातली त्रुटी दिसते, अशी त्यांची ख्याती. शिवाय शिवाजी पेठेतल्या त्यांच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे व्यवस्थापक. तालमीच्या कपाटाची किल्ली कायम त्यांच्या खिशात असते. घरात त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, पण ती किल्ली आजवर एकदाही हरवलेली नाही. क्रांतीच्या शिक्षणाचा त्यांना अभिमान होता. "मी परवानगी दिली," असं ते तालमीच्या कट्ट्यावर सांगत. क्रांतीनं परवानगी मागितल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं. तिलाही नाही.

तर पदवीचा शेवटचा भाग राहिला होता, गृहकाळजी. दैनंदिन कामांसाठी इतरांवर अवलंबून असलेली एक प्रौढ व्यक्ती निवडायची, तिला तिची कामं तिची तिला करता यावीत म्हणून काही आठवडे मदत करायची, आणि शेवटी विद्यापीठाकडून कुणीतरी घरी येऊन काय प्रगती झाली ते बघणार. क्रांतीनं समोरच्या बयाबाई निवडल्या होत्या. बयाबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, मुलगी पन्हाळ्याला, घरात एकट्या. सगळं जुळून आलं होतं. पण व्यक्तीची संमती घ्यायची तर तिला सगळं वाचून दाखवावं, असा नियम होता, आणि क्रांती नियमाला पक्की. तिनं वाचून दाखवलं.

"इतरांवर अवलंबून कोण?" बयाबाईंनी विचारलं.

"तुम्ही, आज्जी."

"मी?"

बयाबाईंनी काठी घेतली, उठल्या, चूल नसल्यामुळे गॅसच पेटवला आणि क्रांतीसमोर स्वतःपुरत्या भाकऱ्या थापल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलीकडं निघून गेल्या. जाताना गाडीच्या खिडकीतून म्हणाल्या, "पदवीपायी मला पांगळी करत्यात. मरूस्तवर कुणाची मिंधी न्हाय मी."

ऑपरेशन उत्तम झालं होतं, यात शंका नव्हती. पण केस गेली. महिनाअखेरीच्या आत दुसरी व्यक्ती मिळाली नाही, तर क्रांतीचं वर्ष जाणार होतं, आणि दवाखान्याला पर्यवेक्षक लगेच हवा असल्यामुळे पाटीवर बाहेरच्या कुणाचं तरी नाव लागणार होतं. क्रांतीनं पेठेत घरोघर चौकशी केली. पेठेत परावलंबी माणसं भरपूर होती, पण तसं कबूल करणारं एकही निघालं नाही.

शेवटी मार्गदर्शक नजीरा सिस्टर स्वतःच एका संध्याकाळी घरी आल्या, काही मार्ग निघतो का ते बघायला. नजीरा सिस्टर म्हणजे आवाज न चढवता अख्खा मजला चालवणारी बाई. त्या आणि क्रांती बाहेरच्या खोलीत बोलत बसल्या असताना विजयसिंह पन्हाळ्याहून आले. खुर्चीत बसले.

"पाणी," ते म्हणाले.

क्रांतीनं पाणी दिलं.

"टॉवेल."

टॉवेल त्याच खुर्चीच्या पाठीवर होता. क्रांतीनं तो त्यांच्या खांद्यावरून ओढून त्यांच्या हातात दिला.

"आणि माझं ते कुठाय?"

क्रांतीनं 'ते' म्हणजे काय हे न विचारता मोबाइलचं चार्जर आणून लावलं. नजीरा सिस्टर डोळ्यावरचा चष्मा नीट करून बघत होत्या. वॉर्डात नवा पेशंट आला की त्या अशाच बघत.

"क्रांती," त्यांनी हळूच विचारलं, "भाऊजी पाणी स्वतः घेतात का?"

"न्हाय."

"कपडे?"

"काढून ठिवावं लागत्यात. न्हाईतर रोज एकच शर्ट घालून जात्यात."

"जेवण वाढून घेतात?"

"भूक लागल्याचं सुदीक मीच सांगते त्यांना."

"चहा?"

क्रांतीनं कपाळाला हात लावला. विजयसिंहांना वाटलं, या बायका दवाखान्यातल्या कुणातरी लकवा झालेल्या माणसाबद्दल बोलताहेत. "बिचारा," ते म्हणाले. "वय काय त्याचं?"

नजीरा सिस्टर म्हणाल्या, "मग हेच घ्या की."

नंतर जे झालं त्याला विजयसिंह चर्चा म्हणतात आणि क्रांती म्हणते, यांनी त्रुटी काढल्या. विजयसिंहांचं म्हणणं, मी आजारी नाही. नजीरा सिस्टर म्हणाल्या, आजाराची अट कुठंच नाही, व्यक्ती प्रौढ हवी आणि इतरांवर अवलंबून हवी, एवढंच. विजयसिंह म्हणाले, मी कमावता माणूस आहे. कमावण्याचाही उल्लेख नव्हता. विजयसिंह म्हणाले, मग या हिशेबानं अख्खा जिल्हा परावलंबी आहे. यावर नजीरा सिस्टर म्हणाल्या, "व्हय, पण आम्हाला एकच लागतंय."

संमतीवर सही त्यांची लागणार होती, आणि सही अडवून धरली की समोरचा नरम पडतो, हे ज्ञान विजयसिंहांनी उभ्या नोकरीत मिळवलेलं. त्यांनी सही अडवून धरली.  क्रांती स्वयंपाकघरात गेली आणि शरीरशास्त्राचं पुस्तक घरातल्या जुन्या रद्दीवर ठेवून आली. एवढंच. जेवताना विजयसिंहांना ते पुस्तक समोर दिसत होतं. वर पिठाचे डाग, कडा मुडपलेल्या. जेवण झाल्यावर त्यांनी एक अट घातली, नाव कुठं येता कामा नये. क्रांती म्हणाली, नाव येतच नसतं, गोपनीयता हा पहिल्याच वर्षाचा धडा होता. मग विजयसिंहांनी सही केली. शाई त्यांना नेहमीपेक्षा काळी वाटली.

पुण्यात नोकरीला असलेला मुलगा आदर्श याला हे फोनवर कळलं. तो इतका वेळ हसला, की विजयसिंहांनी रेंज नाही असं सांगून फोन ठेवून दिला.

मग काळजी सुरू झाली. या काळजीची विजयसिंहांना कल्पना नव्हती. त्यांना वाटलं होतं, क्रांती नेहमीसारखंच सगळं करेल आणि वर ते लिहून काढेल. पण या अभ्यासक्रमाचा नियमच उलटा. व्यक्तीचं काम आपण करायचं नाही, तिला ते करू द्यायचं. ती चुकली तरी हात पुढं करायचा नाही, फक्त जवळ थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी विजयसिंह म्हणाले, "पाणी." क्रांती समोर येऊन बसली. वॉर्डातल्या आवाजात तिनं विचारलं, "आज तुम्हाला कितपत जमंल असं वाटतंय?"

"काय जमंल?"

"पाणी घ्यायला."

"क्रांती, मला कचेरीला जायचंय."

"घाई न्हाय. तुमच्या गतीनं करा."

विजयसिंह ताठ मानेनं उठले, माठापाशी गेले आणि भांडं भरून पाणी प्याले. मागून क्रांती म्हणाली, "छान." पंचवीस वर्षांत तिनं त्यांना एवढ्या मनापासून कधी छान म्हटलं नव्हतं, आणि एवढा अपमानही त्यांचा कधी झाला नव्हता.

पाणी जमलं. टॉवेल, कपडे, चष्मा, हे थोड्या शोधाशोधीनं जमलं. चहापाशी मात्र गाडी अडली. तोवर विजयसिंहांचा समज असा, की डब्यात काय आहे हे डब्यावरून कळतं. क्रांतीच्या स्वयंपाकघरात दिवाळीच्या मिठाईच्या डब्यात रवा होता, बिस्किटांच्या डब्यात तूरडाळ, आणि ज्या डब्यावर सोनेरी अक्षरांत 'चहा' असं छापलं होतं त्यात आदर्शच्या लहानपणापासून जिरं होतं. चहाची पूड दुधाच्या पावडरीच्या जुन्या डब्यात, आणि दुधाच्या पावडरीची गरज घरात कुणाला नव्हती. विजयसिंहांना हा सरळसरळ गैरव्यवहार वाटला. रविवारी बसून त्यांनी सगळ्या डब्यांवर कचेरीच्या पद्धतीनं चिठ्ठ्या चिकटवल्या. 'चहापूड (चालू)', 'साखर (शिल्लक)', 'डाळ, तूर, मुख्य साठा'. बुधवारी सामान आलं, क्रांतीनं हाताला लागेल त्या डब्यात ते भरलं, आणि गुरुवारी विजयसिंहांनी 'साखर (शिल्लक)' या डब्यातून चहात रवा घातला.

"तुम्ही चिठ्ठी वाचली, डबा उघडून बघितला न्हाय," क्रांती म्हणाली.

"शासन चिठ्ठीवर चालतं."

"म्हणून लोकं तुमच्या कचेरीत खेटं घालत्यात."

गॅसचं आणखी वेगळंच. लायटर आधी दाबायचा, की चावी आधी फिरवायची, आणि किती फिरवायची, हे विजयसिंहांना क्रांतीला विचारायचं नव्हतं. विचारलं, की ती 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारते, हे त्यांना पाठ झालं होतं. म्हणून ते कोपऱ्यावरच्या रशीदकडं गेले. रशीद गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. लहानपणापासून तालमीत विजयसिंहांच्या बरोबरीनं खेळलेला, अजूनही गोलकीपरसारखा दुकानाच्या दारात उभा असतो.

"शेगडी बिघडलीय व्हय?" रशीदनं विचारलं.

"न्हाय, चांगली हाय."

"मग?"

"पेटवायची कशी, तेवढं सांग."

रशीदनं हातातला पाना खाली ठेवला. "वहिनी कुठं गेल्या?"

"घरातच हाईत."

"मग काय झालंय तुला?"

इथं विजयसिंहांनी आयुष्यातली एक मोठी चूक केली. क्रांतीनं गोपनीयता पाळली होती, नजीरा सिस्टरांनी पाळली होती. विजयसिंहांनी रशीदला सगळं सांगितलं, आणि वर म्हणाले, "कुणाला बोलू नकोस." पेठेत हे वाक्य बातमीला शिक्का मारल्यासारखं लागतं. संध्याकाळपर्यंत तालमीच्या कट्ट्यावर कुणी त्यांना बघितलं, की सरकून जागा देऊ लागलं. राजवीर नावाच्या सेंटर फॉरवर्डनं तर त्यांना हाताला धरून पायरी उतरवली.

एवढ्यावर भागलं असतं. पण तपासणीचा दिवस ठरला तेव्हा विजयसिंहांनी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आणि खोटं लिहायचं नाही म्हणून कारण लिहिलं: 'घरी तपासणी आहे.' कचेरीनं त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. साहेबांनी रजा पूर्ण दिवसाची करून दिली आणि तब्येतीपुढं काही नाही असं सांगितलं. तपासणीच्या आदल्या दिवसापासून माणसं बघायला येऊ लागली. कोल्हापुरात आजाऱ्याला बघायला जाणं हे कर्तव्य असतं आणि आजारी नसलेल्याला बघायला जाणं हा उत्साह. कुणी शहाळी आणली, कुणी सफरचंदं. कचेरीतला एक सहकारी तांबडा रस्सा घेऊन आला आणि हा पथ्याला चालतो म्हणून सांगू लागला. आलेल्या प्रत्येकाला क्रांती चहा करत होती, कारण तो नियम विद्यापीठाच्याही वरचा. फ्रीजमधलं दूध उतरत चाललं होतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

पन्हाळ्याला बातमी पोचायला वेळ लागला नाही. तपासणीच्या दिवशी सकाळी बयाबाई मुलीला घेऊन परत आल्या. काठी टेकत थेट विजयसिंहांच्या घरात. खुर्चीत बसलेल्या विजयसिंहांकडं त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"माझ्या जागी ह्येला घेतलंय व्हय?"

"व्हय, आज्जी," क्रांती म्हणाली.

"ह्यो तर चालतोय."

"चालत्यात. पन परावलंबी हाईत."

बयाबाईंनी थोडा विचार केला. "ते खरं हाय," त्या म्हणाल्या, आणि पुढं काय होतंय ते बघायला भिंतीला टेकून बसल्या.

दुपार कलताना विद्यापीठाकडून तेजस्वी नावाच्या मॅडम आल्या. वयानं लहान, हातात पॅड, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. त्यांनी खोलीतली गर्दी बघितली, शहाळी बघितली, रशीदला बघितलं. रशीद खास या दिवसासाठी शेगडीचा बर्नर साफ करून आला होता आणि आता जायला तयार नव्हता. मॅडमनी नियम सांगितला. व्यक्ती स्वतःसाठी एक कप चहा करेल. विद्यार्थिनीनं गरज लागली तर शब्दांनी मदत करायची, हातांनी नाही. इतर कुणी मध्ये पडायचं नाही. कुणी हात लावला तर तो भाग बाद.

क्रांतीनं मान डोलावली. तिचे हात पदराखाली होते. पाटीवर कुणाचं नाव लागणार, हे आता या खोलीत ठरणार होतं, आणि ते तिच्या हातात नव्हतं. तिच्या हातात असणं हेच नापास होणं होतं.

विजयसिंह उठले. खांद्यावर टॉवेल टाकला, स्वयंपाकघरात जाऊन भांडं घेतलं, शेगडीपाशी गेले; मागोमाग सगळे आत आले, मॅडमची खुर्चीही. शिवाजी पेठेत एक माणूस चाचपडत असताना दुसऱ्यांनी बसून बघायचं, हा प्रकार पूर्वी झालेला नव्हता. रशीदचा हात आपोआप लायटरकडं गेला. बयाबाई अर्ध्या उठल्या. राजवीर दारातूनच म्हणाला, "काका, चावी डावीकडं." तेवढ्यात क्रांती वळली. आवाज तोच वॉर्डातला, पण आता त्याला धार होती.

"रशीदभाई, हात मागं. आज्जी, खाली बसा. राजवीर, तू बाहेर. त्यांचं काम हाय, त्यांना करू द्या."

रशीदचे हात खिशात गेले. मॅडमनी पॅडवर काहीतरी लिहिलं.

गॅस तिसऱ्या खटक्याला पेटला. विजयसिंहांनी मोजून एक कप पाणी भांड्यात घातलं, आणि मग मागं वळून बघितलं. खोलीत माणसं बसली होती. भिंतीला बयाबाई आणि त्यांची मुलगी, मोरीपाशी रशीद, पाटावर कचेरीतला रस्सेवाला सहकारी, खुर्चीत मॅडम. विजयसिंह कारकून होते, व्यवस्थापक होते, परावलंबी होते, पण घरात एवढी माणसं बसलेली असताना एकट्यापुरता चहा करायचा, हे त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्यांनी पाणी वाढवलं. भांडं बदललं. आणखी पाणी घातलं. मॅडमची भुवई हलली.

"एक कप," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही पयल्यांदा आलाय," विजयसिंह म्हणाले आणि फ्रीज उघडला. पातेल्यात दूध एका माणसापुरतंही नव्हतं.

 त्यांनी गॅस बारीक केला आणि पायांत चपला घालून दाराबाहेर गेले.

 मॅडमनी आधी दाराकडं, मग क्रांतीकडं बघितलं. "व्यक्ती कुठं गेली?"

क्रांतीनं खरं ते सांगितलं. "ठाऊक न्हाय, मॅडम. आजपातूर अशी कधी गेली न्हाय."

पेठेच्या कोपऱ्यावर संध्याकाळी ज्ञानू आपल्या म्हशी आणून बांधतो आणि समोर धार काढून देतो. लोक उभ्यानं पेलाभर दूध पितात, घरी नेतात. विजयसिंहांच्या घरी कित्येक वर्षं ज्ञानूचंच दूध येत होतं. विजयसिंह समोर जाऊन उभे राहिले तेव्हा ज्ञानूनं म्हशीच्या पोटाखालून वर बघितलं.

"पावणं, कुठलं गाव?"

"मी इथलाच. क्रांतीचा नवरा."

"क्रांतीवैनींना नवरा हाय व्हय? बरं, भांडं द्या."

भांडं विजयसिंहांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या अनुभवात दूध पातेल्यातच असायचं, पातेलं आणि दूध हे एकच. घरी परत जाऊन रिकाम्या हातानं मॅडमसमोरून भांडं नेणं अशक्य होतं. तालीम मात्र हाकेच्या अंतरावर होती, आणि तालमीच्या कपाटाची किल्ली खिशात होती.

थोड्या वेळानं पेठेनं पाहिलं, की संघाचे व्यवस्थापक दोन्ही हातांत उपविजेतेपदाचा चषक धरून, तो काठोकाठ फेसाळ दुधानं भरलेला, सांडू नये म्हणून पावलं मोजत घराकडं चालले आहेत. लोकांनी वाट दिली. कुणीतरी हलगी वाजवायला घेतली, पण काय जिंकलंय ते कुणालाच माहीत नसल्यामुळे ती थांबवली.

विजयसिंह आत आले तेव्हा पाणी उकळून निम्मं झालं होतं आणि कुणीही त्याला हात लावला नव्हता, कारण क्रांती शेगडीसमोर उभी होती. त्यांनी चषक ओट्यावर ठेवला. मॅडमनी चषकाकडं पाहिलं, विजयसिंहांकडं पाहिलं आणि पॅड बंद केलं.

"मला हे पटत नाही," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या मनानं बाहेर जाऊन दूध आणणारा माणूस परावलंबी कसा? ही केस ग्राह्य धरता येणार नाही."

विजयसिंहांना आधी वाटलं, आपलं कौतुक झालं. मग त्यांनी क्रांतीच्या तोंडाकडं बघितलं. तीन वर्षं पिठाच्या हातानं पुस्तक धरलेली बाई शेगडीपाशी तशीच उभी होती.

रशीद पुढं झाला. "मॅडम, ह्येला खरंच काय येत न्हाय. मी लिहून देतो. लहानपणापास्नं बघतोय."

"शर्ट उलटा घालून बस पकडतोय," सहकारी म्हणाला. "कचेरीत आल्यावर आम्ही सांगतो."

"जेवायचं ताट समूर असलं तरी हाक मारतोय," बयाबाई म्हणाल्या. "मला समोरनं ऐकू येतंय."

राजवीरनंही बाहेरून काहीतरी सांगितलं. विजयसिंह हे सगळं ऐकत होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या अर्जावर शेरे मारले होते. आता अख्खी पेठ त्यांच्यावर मारत होती, आणि दुर्दैवानं एकही शेरा चुकीचा नव्हता. मॅडमचा चेहरा मात्र हलला नाही. ओळखीच्या लोकांच्या सांगण्यावर गुण देता येत नाहीत, म्हणाल्या. विजयसिंहांनी ठरवलं, आता आपणच बोलायचं. अब्रू गेली तर गेली. छाती पुढं काढून, कचेरीत निरोप समारंभाला बोलतात तसं बोलायला त्यांनी तोंड उघडलं. पण हात दुधानं माखलेले होते, आणि अशा हातांनी भाषण होत नाही.

"एक मिनिट," ते म्हणाले. "क्रांती, टॉवेल कुठाय?"

 टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता. ते मोरीकडं गेले, दोरीवर बघितलं, खुर्चीच्या मागं बघितलं, मॅडमना जरा उठायला सांगून खुर्चीतही बघितलं. रशीदनं तोंडावर हात दाबला. बयाबाईंचं बोट वर आलं, पण क्रांतीनं नुसतं बघितल्यावर ते खाली गेलं.

"तुम्हाला कुठं असंल असं वाटतंय?" क्रांतीनं विचारलं. आवाजात हसू नव्हतं, घाई नव्हती. "शेवटचा कवा वापरलेला ते आठवा."

"मगाशी. चहा करताना."

"मग तवा कुठं ठिवला?"

विजयसिंह विचार करत उभे राहिले. खूप वेळ उभे राहिले. मग हात हळूहळू खांद्याकडं गेला.

मॅडमनी पॅड उघडलं. कितीतरी वेळ लिहीत होत्या.

चहा झाला. सगळ्यांना मिळाला, मॅडमना काठापर्यंत भरून. बयाबाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "पांचट हाय." दुसरा घोट घेतला. "पन ह्येनं केलाय."

निकाल लागला. क्रांती उत्तीर्ण झाली आणि दवाखान्यात टेबलावर पाटी लागली. विजयसिंह पन्हाळ्याहून येताना मुद्दाम वाट वाकडी करून ती बघून आले. पाटीवर पूर्ण नाव, खाली रुग्णसेवा पर्यवेक्षक. ते उभे असतानाच एका पेशंटच्या नातेवाइकानं पाटी मोठ्यानं वाचली आणि मग हाक मारली, "ओ मावशी." क्रांती गेली.

विद्यापीठाचा शेरा मात्र विजयसिंहांना अजून झोंबतो. काळजी घेणारीनं मदतीचा मोह उत्तम रीतीनं टाळला. व्यक्तीची प्रगती उल्लेखनीय, पण परत मागं जाण्याची शक्यता दाट. सहा महिन्यांनी पुन्हा भेट.

या पुनर्भेटीची जबाबदारी पेठेनं आपल्या अंगावर घेतली आहे. तालमीत विचारतात, रशीद दुकानातून विचारतो, ज्ञानू तर चषकच पाठवा म्हणतो. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या विजयसिंहांच्या तोंडून जुन्या सवयीनं शब्द गेला, "क्रांती, पाणी," की समोरच्या दारातून काठी आपटल्याचा आवाज येतो.

"मॅडमना फोन लावू व्हय रं?" बयाबाई विचारतात.

विजयसिंह उठतात.